अकरा वेळा एक

खुशबू शहारे नववीत नापास झाली तेव्हा तिला गणितात सहा मार्क होते. बाकीच्या सगळ्या विषयांत ती वर्गात दुसरी होती.

तिचा बाप हिरालाल सौंदडजवळच्या एका रेल्वे फाटकावर गेटमन होता. स्वतः सातवी शिकलेला. मुलीचं मार्कलिस्ट त्यानं दोनदा उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "हे सहाच कसे गा बेटा?" खुशबू मार्कलिस्ट घेऊन आत गेली. शेवटी तिच्या मैत्रिणीनं, अल्कानं, अंगणात उभं राहून सांगितलं तेव्हा वर्षभराची गोष्ट घरात कळली.

जुलै १९९९ मधली गोष्ट. केशोराव सर तिच्या हायस्कुलात वीस वर्षांपासून गणित शिकवत होते. अक्षर सुंदर, आवाज खणखणीत. त्या दिवशी त्यांनी फळ्यावर ओळीनं अकरा वेळा एक लिहिला. म्हणाले, "अकरा अब्ज अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. ही मूळ संख्या. हिला जगातल्या कोणत्याच संख्येनं भाग जात नाही. लिहून घ्या."

खुशबू उभी राहिली. "सर, तुमी करून पाह्यलं का?"

वर्ग हसला. सर तिला वेडगळ ठरवतील म्हणून नव्हे. सरांनी करून पाहिलेलं नाही, हे सरांच्या तोंडावर दिसलं म्हणून हसला. ते हसू खुशबूला महागात पडलं.

"तूच करून बघ," सर म्हणाले. "आणि भाग जाणारी संख्या घेऊन ये. तोपर्यंत माझ्या तासाला वर्गात बसायचं नाही."

जुलैपासून मार्चपर्यंत खुशबू गणिताच्या तासाला व्हरांड्यात उभी राहिली. खिडकीतून जेवढं ऐकू येई तेवढं वहीत उतरवत असे. घरी सांगितलं नाही, कारण बाप शाळेत जाईल आणि त्याचा अपमान होईल, असं तिला वाटत होतं.

तसंच झालं. हिरालाल ड्युटीच्या निळ्या शर्टावरच सायकलनं शाळेत गेला. स्टाफरूममध्ये सर रजिस्टर भरत होते.

"पोरीनं एक सवाल इचारला सर. त्याच्यात का चुकी झाली तिची?"

सरांनी मान वर केली नाही. "तुमच्या लोकांना हल्ली सवाल फार पडतात, हिरालाल. चांगली गोष्ट आहे. पण विचारणाऱ्यानं उत्तरही आणावं. वर्षभर वेळ दिला होता मी."

"उत्तर नसनच, त थे कोठून आनन पोरगी?"

"मग विचारायचं कशाला?" आता सरांनी पेन ठेवला. "तू फाटक सांभाळ. गाडी आली की लावायचं, गेली की उघडायचं. त्याला भागाकार लागत नाही."

चहा पीत बसलेले दोन मास्तर हसले. मुख्याध्यापक खिडकीबाहेर पाहू लागले.

हिरालाल परत आला. तो भांडणारा माणूस नव्हता. त्याच्या वडिलांनी छप्पन साली नागपूरला जाऊन धम्म घेतला होता, आणि हात उचलायचा नाही हे त्यांनी पोराच्या मनावर ठसवलं होतं. पण त्या दिवसापासून त्याला जेवण गोड लागेना. खुशबूनं पुन्हा नववीत बसायला साफ नकार दिला आणि आईबरोबर, मंदाबाईबरोबर, धानाच्या रोवण्याच्या कामाला जाऊ लागली. गुडघाभर चिखलात वाकलेली मुलगी हिरालालला फाटकाजवळच्या गुमटीतून दिसत असे. त्याच रस्त्यानं रोज सकाळी साडेदहाला केशोराव सर स्कूटरवरून येत. फाटक लागलेलं असलं तर हॉर्न वाजवत.

एका दुपारी हिरालालनं जुन्या रजिस्टरचे कोरे मागचे कागद काढले, वर अकरा वेळा एक लिहिला आणि सातानं भाग द्यायला सुरुवात केली. बाकी उरली. मग तेरानं. मग सतरानं.

गाड्या थोड्या होत्या. सकाळची पॅसेंजर, दुपारची बल्लारशा, मधल्या मालगाड्या. स्टेशनातून फोन आला की तो पेन्सिल कानावर ठेवी, हँडल फिरवून फाटक लावी, झेंडी दाखवी, गाडी गेली की फाटक उघडी आणि पुन्हा बसे. त्यानं एकही फोन चुकवला नाही. शेजारचं शेत श्यामलालचं होतं. श्यामलाल बांधावरून विचारी, "का लिहून राहिला गा एवढा?" हिरालाल म्हणे, "हिशोब आहे एक."

प्रत्येक भागाकार संपला की तो बाकीखाली दाबून रेघ मारी. रेघ मारताना त्याच्या डोळ्यांपुढे केशोरावांचं रजिस्टरवर वाकलेलं डोकं असे. असे आठ महिने गेले. कागद गुडघ्याएवढे झाले. तो सात हजारांच्या पुढे पोचला होता आणि शून्य बाकी कुठेच नव्हती. सरांचंच खरं नसेल ना, ही शंका त्याला आली की तो जास्त जोरानं लिही.

मार्चमध्ये मंदाबाईला ताप आला म्हणून डबा घेऊन खुशबू आली. तिनं कागद पाहिले.

"बाबा, हे का करून राहिले?"

"भाग देऊन राहिलो."

"कोनाले?"

"केशोरावले," हिरालाल म्हणाला.

खुशबू खाली बसली. एकेक पान पाहत गेली. बापानं पंधरानं भाग दिला नव्हता, पण एकवीसानं दिला होता, एकोणपन्नासानं दिला होता. जे सातानं जात नाही ते एकवीसानं कसं जाईल, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. निम्म्याहून अधिक मेहनत फुकट होती. ती रडली नाही. पण वर्षभरात पहिल्यांदा तिनं पेन्सिल हातात घेतली.

"मोठ्याले सोडा," ती म्हणाली. "आधी लहानाले पाहू."

तिनं पाच वेळा एक लिहिला. अकरा हजार एकशे अकरा. त्याला ४१ नं भाग गेला. दुसरी संख्या आली २७१. मग सात वेळा एक. त्याला दोन दुपारी लागल्या. २३९ नं गेला. दुसरी आली ४६४९. त्या चार संख्यांकडे ती बराच वेळ पाहत राहिली. चारींतून तिनं एक-एक वजा केला.

"बाबा, पाहा. चाळीस अन् दोनशे सत्तर. दोनीले पाचानं भाग जाते. हे पाच वेळा एकवाले. अन् हे दोनशे अडतीस, चार हजार सहाशे अठ्ठेचाळीस. दोनीले सातानं जाते. हे सात वेळावाले."

"मंग?"

"मंग अकरा वेळावाल्याच्या भाजकातून एक काढला का अकरानं भाग जाईन. अन् थो भाजक विषम राहीन, एक काढला का सम, म्हनून बावीसानं."

"कशावरून म्हनतेस?"

"मालूम नाही. पन पाह्यले का हरकत आहे?"

बावीसाच्या पाढ्यात एक मिळवायचा आणि फक्त त्याच संख्यांनी भाग द्यायचा. शिवाय त्यातल्या तीनच्या, पाचच्या, सातच्या पटी वगळायच्या. जे आठ महिन्यांत झालं नव्हतं ते आता दिवसाला तीन-चारशेनं पुढे सरकू लागलं. बापानं अर्ध्या संख्या घेतल्या, लेकीनं अर्ध्या. रोवण्याचे दिवस नव्हते. ती रोज डबा घेऊन येई आणि संध्याकाळपर्यंत बसे. खुशबूच्या कपाळावरची शीर फुगलेली असे.

एप्रिलच्या अखेरीस, दुपारची बल्लारशा पॅसेंजर यायच्या वेळी, खुशबूच्या कागदावर खाली शून्य आलं. तिला वाटलं, कुठेतरी चुकलं. तिनं उलटा गुणाकार केला. २१६४९ गुणिले ५१३२३९. ओळी मांडल्या, बेरीज केली. उजवीकडून डावीकडे एकच एक आकडा येत गेला.

"बाबा!" ती ओरडली. हिरालाल झेंडी धरून उभा होता, गाडी दणदणत जात होती, त्याला ऐकू आलं नाही. शेवटचा डबा गेला, त्यानं फाटक उघडलं, थांबलेली माणसं जाऊ दिली आणि मगच तो आत आला. कागद पाहून त्यानं पेन्सिल घेतली आणि सगळा गुणाकार स्वतः पुन्हा केला. मग जोरात नाक शिंकरून तो बाहेर गेला आणि बराच वेळ रुळांकडे पाठ करून उभा राहिला.

घरी मंदाबाई म्हणाली, "जा, शाळेत नेऊन मारा त्याच्या तोंडावर."

हिरालालनं शर्ट धुवायला टाकला होताच. पण खुशबू म्हणाली, "नाही. आपन देलं का त्याले भेटून जाईन. दोन मिनिटांत पाहीन, 'हं' म्हनंन अन् उद्यापासून वर्गात सांगन का मीच काढलं."

"त मंग?"

"त्याले शोधू द्या."

जूनमध्ये शाळा उघडली त्या आठवड्यात श्यामलालच्या शेताच्या धुऱ्यावर, रस्त्याकडच्या बांधावर, फाटकाशी थांबणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा, पत्र्याचा एक फलक उभा राहिला. पांढऱ्यावर काळी अक्षरं खुशबूनं स्वतः रंगवली:

१११११११११११
या संख्येला भाग जातो.
कोणत्या संख्येनं, ते केशोराव सरांना विचारा.

त्यात शिवी नव्हती, आरोप नव्हता. कोणाला हरकत घेता येईना. पण फाटक दिवसातून आठ-दहा वेळा लागत असे आणि प्रत्येक वेळी पाच-सात मिनिटं माणसांना तो फलक वाचण्यावाचून काम नसे. एसटीतले प्रवासी वाचत. धानाच्या ट्रॅक्टरवरचे मजूर वाचत. आणि सगळी पंचक्रोशी केशोराव सरांना ओळखत होती.

पहिल्या दिवशी एसटीचा कंडक्टर खिडकीतून वाकून म्हणाला, "सर, कोनत्या संख्येनं जाते जी?" सर म्हणाले, "जातच नाही. फाटकवाल्याचं डोकं फिरलंय." दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानं विचारलं. तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरीनं. वर्गात मुलं विचारू लागली, आणि एकाला बाहेर काढलं की दुसरा विचारी. आठवड्यानं मुख्याध्यापकांनीही हलक्या आवाजात म्हटलं, "सर, एकदा करून तर पाहा."

सरांनी कधीच करून पाहिलं नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या मास्तरांनी सांगितलं होतं आणि त्यांनी ते वीस वर्षं पुढे सांगितलं होतं.

पावसाळ्यात हिरालालनं पाहिलं की फाटकाशी थांबल्यावर सर स्कूटरच्या सीटवर वही ठेवून काहीतरी लिहितात. त्याला आतून गुदगुल्या झाल्या. तो मुद्दाम गुमटीच्या दारात येऊन उभा राही. गाडी जाऊन फाटक उघडल्यावरही सर कधीकधी लिहितच असत. मागचे हॉर्न वाजवत. तेव्हा हिरालाल अदबीनं म्हणे, "सर, फाटक उघडलं जी."

पुढे सर अकरा किलोमीटरचा फेरा घालून दुसऱ्या रस्त्यानं जाऊ लागले. त्या रस्त्यावरही लोक विचारत.

फेब्रुवारीत एका रविवारी ते हिरालालच्या घरी आले. गालफडं बसली होती. खुशबू सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसणार होती. ओसरीत पुस्तकं पसरली होती. तिनं सरांना खुर्ची दिली, तांब्याभर पाणी दिलं.

"हिरालाल, खरंच जातो का भाग?" सरांनी विचारलं.

"जाते सर."

"मी नऊ हजारांवर आलो."

नऊ हजार म्हणजे काय, हे हिरालालला माहीत होतं. तो मुलीकडे पाहू लागला. सरांनीही तिच्याकडे पाहिलं.

"संख्या नको सांगूस," ते म्हणाले. "किती दूर आहे, तेवढं तरी सांग."

"नाही," खुशबू म्हणाली.

"जवळ आहे की लांब?"

"सर, तुमच्यापाशी कागद आहे, हात आहेत. अन् तुमाले कोनी बाहेर उभं केलं नाही."

सर पाणी न पिता उठले. ते गेल्यावर मंदाबाई म्हणाली, "आता पुरे कर वो बाई. म्हातारा होऊन राहिला थो." खुशबू भूमितीचं पुस्तक उघडून बसली. आणि खोटं कशाला बोलायचं, त्या संध्याकाळी हिरालाल दोन भाकरी जास्त जेवला.

त्याच वर्षी खुशबू दहावी झाली, गणितात दीडशेपैकी एकशे एकोणचाळीस मार्क घेऊन. जूनमध्ये सरांनी आमगावला बदली मागून घेतली. फलक उभाच राहिला.

२००४ च्या दिवाळीत एक पोस्टकार्ड आलं. खुशबू तेव्हा गोंदियाच्या कॉलेजात बी.एस्सी.ला होती आणि सुट्टीत घरी आली होती. कार्डावर सुंदर अक्षरात दोन संख्या होत्या, २१६४९ आणि ५१३२३९. खाली एवढंच, "हातानं केलं. — केशोराव."

हिरालालच्या छातीवरचं ओझं उतरलं. "सापडला बुवा त्याले," तो म्हणाला आणि श्यामलालला सांगून त्यानं फलक काढला. पत्रा श्यामलालच्या गोठ्यावर गेला. पण खुशबूनं ते कार्ड वहीत उलटं घालून ठेवलं. सरांना तो भाजक कधीच सापडायला नको, असं तिला वाटत होतं.

सुट्टी संपताना तिनं एक कार्ड लिहिलं. "सतरा वेळा एक. यालाही भाग जातो. — खुशबू शहारे." कॉलेजच्या कॉम्प्युटरवर तिनं ते पाहून ठेवलं होतं. सगळ्यात लहान भाजक वीस लाखांच्या पुढे होता. हातानं एवढ्या लांब माणूस जाऊ शकत नाही, म्हणूनच तिनं सतरा निवडले होते.

त्याचं उत्तर आलं नाही.

पुढे खुशबू गोंदियातल्या एका शिकवणी वर्गात अकरावी-बारावीला गणित शिकवू लागली. हिरालाल रिटायर झाला आणि नवराबायको तिच्याकडे राहायला आले. २००९ साली आमगावहून धानाचा ट्रक आणणारा ओळखीचा ड्रायव्हर चुन्नीलाल म्हणाला, "तुमचे थे केशोराव सर, रिटायर झाले. दिवसभर वसरीत कागद घेऊन बसून राह्यतेत. लोक म्हनतेत, पागल झाले."

हिरालालला जेवण जाईना. चिखलात वाकलेली मुलगी त्याला आठवली, पण आता तिच्याशेजारी वही घेऊन स्कूटरवर बसलेला माणूसही आठवला. एका सकाळी त्यानं खुशबूच्या जुन्या वहीतून सतरा वेळा एकचा भाजक चिठ्ठीवर उतरवली, खिशात घातली आणि आमगावची लोकल पकडली.

सर ओसरीत बसले होते. केस पांढरे, पण चेहरा भरलेला. हिरालालला पाहताच उठले. "या, या हिरालालजी! सुशिलाबाई, चहा टाका, हे बावीसवाले आलेत!"

त्यांनी स्वतः चटई अंथरली. कागदांचे गठ्ठे सालवार बांधलेले होते. "तुम्हालाही तो बावीसचा नियम सापडला होता ना? मला वर्षभरानं दिसला. दिसला त्या दिवशी मी शाळेत गेलोच नाही. आता सतराला चौतीसचा. रोज वीस-पंचवीस होतात. साडेसात लाखांवर आलो."

सरांच्या पत्नी सुशिलाबाई चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, "नोकरीत होते तोवर घरात कधी हसले नाहीत. आता कागदाशी हसत राहतात."

हिरालालनं खिशातून चिठ्ठी काढली. "सर, हे उत्तर आहे. पोरीचं वय लहान होतं. राग होता. घ्या अन् सुटा."

सरांनी घाईनं दोन्ही हात पुढे केले आणि चिठ्ठी धरलेली हिरालालची मूठ तशीच दाबून बंद केली. "नाही, नाही! सांगू नका. पाया पडतो. अजून खूप वर्षं आहेत माझ्याकडे." मग हात न सोडता म्हणाले, "त्या दिवशी मला येत नव्हतं. तेवढं म्हणायला हवं होतं मी तिला. लिहिणार आहे तसं पत्र. सतराचा सापडला की लिहितो."

निघताना त्यांनी आपला मोबाइल नंबर कागदावर लिहून दिला. "कधी फोन करा. गणिताचं बोलायला इथं कोणी नाही."

संध्याकाळी खुशबूनं ताट वाढता वाढता विचारलं, "कुठे गेले होते बाबा?"

हिरालालला खोटं सुचलं नाही. त्यानं सगळं सांगितलं. सरांचा भरलेला चेहरा, सालवार गठ्ठे, सुशिलाबाईचं बोलणं. सांगता सांगता तो हसलाही. "मजेत आहे गा थो. आपन समजलो मरून राहिला, अन् थो मजेत आहे."

"मजेत आहे?" खुशबूनं ताट बाजूला सरकवलं.

"माफी मांगनार आहे म्हने. सतराचा सापडला का लिहीन."

"नंबर द्या त्यांचा."

"कायले?"

"द्या म्हनते ना."

मंदाबाई म्हणाली, "खुशबू, जाऊ दे." पण तिनं बापाच्या शर्टाच्या खिशातला कागद काढलाच आणि फोन लावला. पलीकडे सरांचा आवाज एवढा मोठा होता की हिरालालला ऐकू आला. नाव सांगताच ते आनंदले. "खुशबू! अगं बाई, कशी आहेस? तुझे बाबा आले होते आज—"

"सर," खुशबू म्हणाली. आवाज शांत होता, वर्गात शिकवते तसा. "लिहून घ्या. वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस."

तिनं सरांना लिहायला पुरेल एवढा वेळ दिला.

"दुसरी संख्या सांगू?"

फोन बंद झाला. खुशबूनं तो टेबलावर ठेवला, ताट जवळ ओढलं आणि आईकडे वळून म्हणाली, "भाजी आहे का अजून?"

मंदाबाईनं वाढली. खुशबू पोटभर जेवली. हिरालाल हात धुऊन बाहेर जाऊन बसला आणि त्या दिवसानंतर त्यानं आमगावचं नाव काढलं नाही.